वाणाला नाही म्हणायचं नसतं

१६ जाने., गुरु.

दुपारी दार उघडलं तर कडीला पिशवी. आत संक्रांतीच्या वाणाचा प्लॅस्टिकचा डबा, झाकणावर सूर्यफूल, सोबत तिळगुळाची पुडी. बेल वाजवलेली नाही. खाली हॉलमध्ये सोसायटीचं हळदीकुंकू चालू होतं, हसणं इथवर ऐकू येत होतं.

संध्याकाळी जिन्यात मंगल भेटली. भिंतीला भिंत लागून घर, तीस वर्षांची मैत्री, आणि यंदाच्या ह.कुं.ची मुख्य कार्यकर्ती. म्हणाली, "मुद्दामच नाही बोलावलं गं. तुलाच वाईट वाटलं असतं."

मला काय वाटेल ते मला सोडून सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे.

अरुण होता तोवर हे ह.कुं. मीच करायचे. वाण मी निवडायचे, मीच लुटायचे. नवरा गेला, पण माझ्या हातांना काय झालंय? राग आलाय. चांगला सणसणीत आलाय.

१७ जाने., शुक्र.

चहा पिता पिता डोकं चाललं. बोलावत नाहीत ना? नका बोलावू. मीच बोलावते.

२६ला झेंडावंदनाला सगळे खाली येतातच. तिथेच, पार्किंगमध्ये मांडायचं. घरात नको झालेलं पण धड असलेलं आणा, हवं ते घेऊन जा. पैसे नाहीत, बदल्यात काही नाही. बायका, पुरुष, पोरं, भाडेकरू, सगळे.

सेक्रेटरी देवांना सांगितलं.

"फुकट? कोथरुडात?"

"का, इथे चालत नाही?"

"चालतं हो वहिनी. कबूल कोणी करत नाही इतकंच."

परवानगी दिली. अट अशी की, दुपारी जेवणाच्या आत पार्किंग मोकळं पाहिजे. माल पडून राहिला तर पुन्हा नाव काढायचं नाही. म्हटलं, एक चमचा उरणार नाही. का म्हटलं देव जाणे (सेक्रेटरी नव्हे, वरचा).

२१ जाने., मंगळ.

माझ्या घरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. द्यायला सगळे एका पायावर तयार! डिनर सेट, फ्लास्क, नावं घातलेली स्टीलची भांडी. सगळ्यात जास्त मंगलनेच दिलं. कुकर, चादरी, गिफ्टच्या कागदातला एक लेमन सेट.

निघताना दारात घुटमळली. "पण देणार कोण?"

"मी. माझ्या हाताने."

"अगं, टेबलावर नुसतं मांडून ठेव ना. ज्याला हवं तो उचलेल."

कळलं मला. वाईट वाटलं, पण बेत बदलणार नाही.

२६ जाने., रवि.

हात दुखतायत, पण आजचं आजच लिहायला हवं.

झेंडावंदन झालं. देवांनी हौसेने फळा लिहिला होता : 'सर्व वस्तू फुकट. गरजेपुरत्याच न्याव्यात. नंतर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.' मी मंगलचं ऐकलं नव्हतं, तरी सुरुवातीला गंमत बघत बाजूला खुर्चीवर बसले.

तर लोक येतायत, हात मागे बांधून प्रदर्शन बघावं तसं बघतायत. "छान उपक्रम आहे हो!" "घ्या ना." "नको नको, आहे आमच्याकडे." एक काकू तर जाताना आणखी दोन फ्लास्क ठेवून गेल्या. तासाभरात ढीग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. त्यात देवकाकूंना तो लेमन सेट दिसला. मंगलच्या वास्तुशांतीला त्यांनीच दिलेला, कागदही सुटलेला नाही! मंगल खांबाआड.

देव घड्याळ बघायला लागले, आणि माझी ट्यूब पेटली. घोळ त्या शब्दात आहे. फुकट घेणारा तो फुकट्या. ते कोण म्हणवून घेईल? पण वाण फुकट नसतं. वाण *लुटतात*. लुटणं म्हणजे देऊन टाकणं, ही फक्त आपल्या मराठी बायकांनाच सुचलेली गोष्ट. आणि वाणाला नाही म्हणायची पद्धत नाही.

फळा पुसला. लिहिलं : 'आज वाण लुटतोय. नाही म्हणायचं नसतं.' तिळाच्या वड्यांचा डबा काखेत मारला आणि टेबलापुढे उभी राहिले.

कोणी हललं नाही. आता 'फुकट' पुसलं होतं. तरी लोक मागेच राहिले तर ते माझ्यामुळेच.

मग ऋतुजा पुढे आली. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते, अमरावतीची, आयटीवाली. "काकू, तो कुकर मला देऊन द्या ना. पातेल्यातच भात करून राहिलो आम्ही." दिला. वडी दिली. वाकून नमस्कार केला पोरीने. मागून एक आजोबा आले, मग रांगच लागली. पुरुषसुद्धा! देव म्हणाले, "साठी उलटली, पहिल्यांदा वाण मिळतंय." त्यांना 'चि. सौ. कां. प्रमिला' कोरलेला तांब्या दिला. निमूट घेतला. देवकाकूंनी आपला लेमन सेट परत नेला. "तुमच्या हातून मिळतोय म्हणून घेते हो," मोठ्याने, खांबाकडे बघत.

टेबल रिकामं. चमचा उरला नाही. मी जिंकले!

मंगल तेवढी काही न घेता वर गेली.

२८ जाने., मंगळ.

सकाळी बेल. मंगल.

"माझं वाण राहिलं."

घरात द्यायला काही नव्हतंच. होता तो सूर्यफुलाचा डबा. रिकामा कसा द्यायचा म्हणून उरल्यासुरल्या वड्या भरल्या. तिने ओळखला. अंगात पंजाबी ड्रेस, पदर कुठून आणणार? ओढणी पसरली. मी डबा ओढणीत ठेवला.

"कडीला लावायला नको होता गं."

"नकोच होता."

चहा न घेता गेली. पण बरं वाटलं. फार बरं वाटलं.

३ फेब्रु., सोम.

मंगल पुन्हा दारात. "उद्या रथसप्तमी. संध्याकाळी माझ्याकडे हळदीकुंकू. ये."

गेल्या वर्षीही 'ये' म्हणाली होती. बायका बाहेर बसल्या होत्या, मी आत मसाला दूध ढवळत होते. म्हणून विचारलं, "दूध ढवळायला?"

"ये म्हटलं ना!" आणि घाईघाईने स्वतःचं दार लावून घेतलं.

बहुधा अजून तिचं तिलाच ठरवता येत नाहीये.

४ फेब्रु., मंगळ.

चार वाजले. हिरवी नारायणपेठ नेसून तयार आहे. अरुणची आवडती. दूध उकळल्याचा वास भिंतीपलीकडून येतोय, म्हणजे ढवळायला कोणीतरी आहे. किंवा माझी वाट बघतायत.

मी ठरवलंय. स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. थेट बाहेरच्या खोलीत, सगळ्या बायकांमध्ये, सोफ्यावर बसायचं. मंगल हळदीकुंकवाची कोयरी घेऊन एकेकीपुढे येईल. माझ्यापुढेही येईल. मी मान खाली घालणार नाही, कपाळ पुढे करणार. तिच्या बोटाचं तिने बघावं.