अध्यक्षीण होण्याची जपानी पद्धत

४ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मी चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर समोरच्या वकिलीणबाईंपेक्षा, म्हणजे कल्याणीपेक्षा, बरं आहे.
ठराव एकच. अठरा तारखेला आमच्या गल्लीच्या महिला संघाची निवड. कल्याणीलाही व्हायचंय, पण अध्यक्षीण मी होणार. अकरा वर्षं सतरंज्या मी घालते आणि एकुलत्या एका खुर्चीवर दुसरीच बाई बसते. बास झालं.

५ जानेवारी, सोमवार. दुपार
त्रिशला कॉलेजला बेळगावला परत गेली. पोरगी माझी, पसारा टाकायची सवय बापाची. कॉटखाली एक जाड पुस्तक सापडलं. जपानी चित्रांचं, आत इंग्रजी. रद्दीत टाकणार होते, पण पहिल्याच पानावर एक देखणा माणूस हात जोडून उभा. डोळ्यांत पाणी. पुढं मैदानभर माणसं, तीही रडताहेत. बघता बघता भाकरी करपली.
फोन केला. त्रिशला म्हणाली, ते त्या देशाचे पंतप्रधान आहेत, लई प्रामाणिक, तत्त्वासाठी खुर्ची सोडणारे. आणि मम्मी, ते पुस्तक उलट्या बाजूनं वाचतात, तू शेवटापासनं बघायलीस. मी म्हटलं, पुस्तक कुठनं उघडायचं ते मला गुरुजींनी शिकवलंय. जपान्यांना न्हाय शिकवलं, त्याला मी काय करू.

७ जानेवारी, बुधवार
पुस्तक संपलं. चित्रं असली की इंग्रजी लागत न्हाय. साहेबांची पद्धत कळली. आधी जाहीर आभार मानायचे, रडायचं. मग मोठ्या टेबलामागं बसून सह्या. मग विरोधकावर बोट रोखायचं. मग दारोदार पत्रकं वाटायची. शेवटी होडीत बसून मासे धरायचे. शेवटाकडं साहेब वयानंही लहान होतात. पद मिळालं की माणूस तरुण होतो म्हणतात, ते खरं असणार.
मासे सोडून सगळं पटलं. आम्ही जैन.
आपले पुढारी आधी मतं मागतात, तिथंच फसतात.

८ जानेवारी, गुरुवार
डोळ्यांची प्रॅक्टिस. साहेबांचे डोळे अर्ध्या तोंडाएवढे. बोलताना पापणी हलवायची न्हाय. दूधवाल्या भरमूशी तसंच बोलले. त्यानं न मागता जास्तीचं दूध घातलं आणि घाईनं गेला. प्रभाव आहे.
कल्याणीनं विचारलं, कांताक्का, डोळं आलेत काय वो? जळतेय.

१० जानेवारी, शनिवार
साहेब भाषणाला उभे राहिले की त्यांच्या मागनं चहूकडं रेघा सुटतात. ह्यांना सांगितलं, तशी सोय करा. म्हणाले, रेघा कुठनं आणू? मी म्हटलं, दुकानात दोरी विकता ती काय पूजेला ठेवलीय? पुढच्या सोप्याच्या भिंतीला खिळे मारून पांढऱ्या दोऱ्या ताणल्या. सगळं झाल्यावर विचारतात, शेवया वाळत घालणार हाईस काय?
ह्यांना मंत्रिमंडळात घेणार न्हाय.

११ जानेवारी, रविवार. संध्याकाळ
यशस्वी.
संघाच्या सगळ्या बायका आल्या. चहा, चिवडा. मी रेघांपुढं उभी राहिले. मी सांगितल्याप्रमाणं ह्यांनी मला शाल घातली, नारळ दिला. मी म्हटलं, अकरा वर्षं तुम्ही मला सांभाळून घेतलं, काही चुकलं असेल तर पोटात घाला. मग कमरेत वाकून जपानी नमस्कार. वर येता येईना. दोघींनी धरून सरळ केलं. तेव्हा तर सगळ्याच रडल्या.
एकजण म्हणाली, असं कसं वो अचानक? मी म्हटलं, वेळ आली की करावंच लागतं. दुसरी म्हणाली, आता आराम करा, सतरंज्या आम्ही घालू. म्हणजे कामाची वाटणीसुद्धा झाली. कल्याणीनं मिठी मारली. म्हणाली, कांताक्का, मन लई मोठं तुमचं. बाईनं हार मानली.
मतं मागायची राहिली. पण त्या पानावर साहेबही मागत न्हाईत.

१३ जानेवारी, मंगळवार
सह्यांची प्रॅक्टिस. कमरेला तेल.
बाजारात बायका थांबवून विचारतात, आता येळ कसा जाणार तुमचा? मी म्हटलं, उलट आता श्वास घ्यायला फुरसत मिळणार न्हाय. एकजण म्हणाली, व्हय की, नातवंडं हुतीलच. पोरीचं लग्न अजून ठरलं न्हाय. ह्या बायकांचं राज्य चालवायचं म्हणजे अवघड आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार
कल्याणी येऊन संघाच्या सतरंज्या घेऊन गेली. मी खुशाल दिल्या. अध्यक्षिणीच्या घरात सतरंज्या शोभत न्हाईत.
विरोधकावर बोट रोखायचं राहिलं. सतरंज्या उचलताना तिच्या पाठीवर रोखून घेतलं.

१८ जानेवारी, रविवार. सकाळ
इरकल नेसले. निघते.

१८ जानेवारी, संध्याकाळ
गेले तर पुढं दोन खुर्च्या. एक निवड घ्यायला आलेल्या मॅडमना, एक मला. बसले. पाय खाली सोडून बसलं की गुडघा दुखत न्हाय.
मॅडमनी नावं मागितली. एकच आलं, कल्याणीचं. मी म्हटलं, आणि माझं? शेजारची कानाशी येऊन म्हणाली, आक्का, तुम्ही संघ सोडलासा न्हवं? शाल घेतलीसा, माफी मागितलीसा, आम्ही रडलो की सगळ्या. आज तुम्ही प्रमुख पाहुण्या.
मॅडमनी कन्नडात काहीतरी विचारलं. कल्याणीनं कन्नडात सांगितलं. मॅडम म्हणाल्या, आयतु, म्हणजे झालं, आणि सभासदांच्या यादीतलं माझं नाव खोडलं.
मग हात वर करायला सांगितले. सवयीनं माझाही गेला. मॅडम म्हणाल्या, पाहुण्यांचा मोजत न्हाईत.
हार माझ्याच हातानं घालायला लावला.

१९ जानेवारी, सोमवार
कल्याणी पेढे घेऊन आली. म्हणाली, संघातली तुमची जागा रिकामी झालीय, कुणी कष्टाळू बाई माहीत असली तर सांगा. मी म्हटलं, आहे एक. कोण वो? म्हटलं, मीच की.
तिनं पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. म्हणाली, तुमच्या आधी चौघींनी सांगून ठेवलंय आक्का, नंबरानं घ्यावं लागंल.
मी म्हटलं, घ्या पाचवा लिहून.