नऊ कॉलेजं आणि शनिवारच्या स्लाइड

४ ऑक्टोबर, शनिवार

यादी नऊवर आली! काल चौदा होती. जीवशास्त्राच्या बाईंनी पाच कॉलेजं पेन्सिलीने उडवली. "इमारती बघून कॉलेज निवडतेस का गं? पहिल्या वर्षाच्या पोरांना लॅबमध्ये हात लावू देतात का, ते बघ." आता तीन रकाने आहेत – स्वप्नातली, जमण्यातली, आणि कुठेच नाही तर पदरात पडतील अशी. मला हवंय ते पहिल्या रकान्यातलं सगळ्यात वरचं. बाकीची आठ बाईंच्या समाधानाला.

आईला दाखवली. म्हणाली, "दोन घरचा पाहुणा उपाशी, तू तर नऊ घरं धरलीस."

मग बाबांनी हातात घेतली. कागद लांब धरला, मग जवळ, मग मान वाकडी करून डाव्या डोळ्याने वाचला.

५ ऑक्टोबर

कुणालाच सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते. बाबांचा उजवा डोळा जवळजवळ गेलाय. डाव्यातही मधोमध डाग दिसतो. चष्म्याने सुटणारं नाही. आणि काम काय, तर दवाखान्याच्या लॅबमध्ये क्षयाच्या स्लाइड बघायच्या! थुंकी काचेवर पसरायची, रंगवायची, आणि भिंगाखाली निळ्यात लाल काड्या शोधायच्या. काडी दिसली की रोग आहे.

नोकरी जाईल म्हणून लपवलंय. आठवडाभराच्या स्लाइड शनिवारी दुपारी बघायच्या असतात. जूनपासून तेव्हा, मोठे डॉक्टर नसताना, मी जाते आणि निम्म्या मी बघते. माझ्या मी रजिस्टरात लिहिते – नुसता नंबर, नाव नसतं – खाली सही बाबांची.

मी कॉलेजला गेले की काय? हा विषय घरात कुणी काढत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज बावीस स्लाइड. अकरा-अकरा वाटून घेतल्या. भिंगात दिसतो तो गोल म्हणजे एक फील्ड. अशी शंभर फील्ड बघितल्याशिवाय 'नाही' लिहायचं नाही, असा नियम. बाबा तोंडाने मोजतात – एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस... एका स्लाइडला वीस मिनिटं! ऐकून जीव जातो. माझ्या अकरा तासाभरात उरकल्या. मग तिथेच स्टुलावर बसून अर्जातला निबंध लिहिला, 'मी जीवशास्त्र का निवडलं'. पाचशे शब्द. झकास झालाय.

"झाल्या सगळ्या?" – बाबा.

"झाल्या की!"

"ससाणा आहेस."

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग येतो. दिसत नाही तर सोडा ना काम. माझा पाय का अडकवता?

१८ ऑक्टोबर

बाईंनी शिफारसपत्र वाचून दाखवलं. 'इतक्या बारकाईने निरीक्षण करणारी विद्यार्थिनी मला वीस वर्षांत भेटलेली नाही.' मी लाजले. पण पटलंही.

लॅबमध्ये आज सतरा. लवकर सुटले.

२६ ऑक्टोबर

बाबांनी विचारलं, "ते वरचं कॉलेज किती लांब?"

"दोन दिवसांचा प्रवास."

"बरं."

एवढंच. तासाभराने परत आले आणि म्हणाले, "हॉस्टेल आहे ना?" नको म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं!

१५ नोव्हेंबर, शनिवार

लॅबमध्ये शिवणवाल्या मावशी आल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मशीन. माझे शाळेचे सगळे गणवेश त्यांनीच शिवले – दर वर्षी दोन इंच वाढवून, "घोड्यासारखी वाढते मेली" म्हणत. आज ओळखूच आल्या नाहीत. ब्लाउज खांद्यावरून घसरत होता. दोन वाक्यांत तीनदा खोकल्या. कडेवर नात, तीही खोकते.

"ऑक्टोबरात तपासलं होतं की इथे. काही नाही म्हणाले. मग म्हटलं, धुळीचा असेल."

स्लाइड मी पाहिली. पहिल्याच फील्डमध्ये काड्यापेटी सांडल्यासारख्या लाल काड्या.

ऑक्टोबरात कुणी 'नाही' लिहिलं? कुणी म्हणजे काय! ज्याला दिसत नाही त्याने.

१६ नोव्हेंबर

बोलले. सगळं बोलले. "तुमच्या नोकरीपायी माणसं मरतील, कळतंय का तुम्हाला?" आई म्हणाली, "अगं, बापाशी बोलतेस." मी म्हटलं, "म्हणूनच इतके दिवस गप्प होते."

बाबा हात पुसत उभे राहिले. हात कोरडेच होते.

१७ नोव्हेंबर

मी ताट उचलून वेगळी जेवले.

१९ नोव्हेंबर

बाबांनी आज मोठ्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं. डोळ्यांचं. स्वतःहून. त्यांना त्याच पावली घरी पाठवलं. जूनपासूनच्या शनिवारच्या सगळ्या स्लाइड जपून ठेवलेल्या असतात, त्या मोठ्या लॅबमध्ये फेरतपासणीला गेल्या. ज्यांच्या चुकल्या असतील त्यांना परत बोलावणार.

मला विचारतील म्हणून मी घाबरून बसले होते. कुणी विचारलं नाही.

मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. आणि मग त्या शब्दाचीच शरम वाटली.

२८ नोव्हेंबर

नऊही अर्ज गेले. बटण दाबताना बाबा मागे उभे होते. काय दाबलं ते त्यांना दिसलं नसणार. तरी म्हणाले, "गेलं?" माझ्याने 'हो' म्हणवलं नाही, नुसती मान हलवली. तीही दिसली नसेल.

मी त्यांना माफ केलेलं नाही. करणारही नाही.

६ डिसेंबर

शिवणवाल्या मावशी गेल्या. सकाळी, दवाखान्यात. नातीचं औषध चालू आहे.

बाबा अंत्ययात्रेला गेले. मी म्हटलं, "कोणत्या तोंडाने जाताय?" तरी गेले.

११ डिसेंबर

आज पोस्टाने फेरतपासणीचा कागद आला. सोबत रजिस्टरातल्या चुकलेल्या ओळींची झेरॉक्स, शेजारी पेशंटची नावं. बाबा झोपले होते, मी फोडला.

अकरा चुका. दोन ओळी बाबांच्या अक्षरात. नऊ माझ्या. मावशींची माझी.

खाली बाबांचा जबाब टाइप केलाय. 'सर्व स्लाइड मी स्वतः पाहिल्या. मुलगी फक्त मी सांगेन ते लिहून घेत असे.'