फेब्रुवारीतलं वादळ

प्रिय बाबा,

‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं होतं, पण हात थांबला. आज तुमच्याशी जे बोलायचंय ते इतक्या मानानं बोलता येणार नाही.

आम्ही डॉमिनिकाला जाऊन आलो. येऊन दहा दिवस झाले तरी बॅगा अजून हॉलमध्येच पडल्यात. शनिवारची सकाळ आहे. समीर ओवीला घेऊन पोहायला गेलाय, मशीनमध्ये कपडे फिरतायत आणि मी टेबलाशी नुसती बसलेय. थकलेय बाबा. प्रवासाचा शीण दोन दिवसांत उतरतो, हा उतरत नाहीये. तुम्हाला जाऊन अडीच वर्षं होत आली. इतक्या दिवसांत कधी पत्र लिहावंसं वाटलं नाही, आता लिहिल्यावाचून सुटका नाही.

आधी तुमचं बेट सांगते. तुमचंच म्हणायला हवं. कराडच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवताना तुम्ही मुलांना नकाशावर तो ठिपका भरायला लावायचात, आणि ज्यांनी डॉमिनिकाच्या जागी डॉमिनिकन रिपब्लिक भरलं त्यांना सरळ शून्य! इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला आलात तेव्हा स्टेशनजवळच्या राइझेब्युरोतल्या, प्रवास कंपनीतल्या, बाईंनी मला प्रवासाचा जाडजूड फुकट कॅटलॉग दिला होता. तुम्ही चष्मा लावून दोन पानं उलटलीत आणि म्हणालात, “मेधा, हे दुसरं. हे परत करून ये.” फुकटची वस्तू परत करायला गेलेली मी त्या दुकानातली पहिलीच गिऱ्हाईक असणार!

तर बाबा, किती हिरवं आहे ते! इतके डोंगर की सपाट जागा शोधावी लागते, आणि दर वळणाला एक नदी. राजधानीत, रोझोच्या बाजारात गेले तर समोर अळू. चक्क आपलं अळू, कंदासकट. त्याच्या पानांचं ते लोक कालालू नावाचं सूप करतात. मी एक चमचा तोंडात घातला आणि म्हटलं, यात आता चिंच-गूळ आणि शेंगदाणे घातले की झालं फदफदं. शेजारी नीरफणस, जायफळ, केळीचे घड. बेटाच्या मूळ रहिवाशांच्या, कालिनागोंच्या वस्तीवर एक आजी कसाव्याचा कंद किसून, पिळून, मोठ्या तव्यावर भाकरी थापत होत्या. तुम्ही तिथे तासभर तरी उभे राहिला असतात आणि त्यांची माती कशी, पाऊस किती, सगळं विचारून घेतलं असतंत.

ट्राफल्गारला दोन धबधबे शेजारी शेजारी पडतात. तिथले लोक त्यांना आई आणि बाबा म्हणतात. ओवीनं लगेच त्यांचे आजी-आजोबा करून टाकले, “ओमा उंड ओपा.” मी तिला दुरुस्त केलं नाही.

किनाऱ्याची वाळू काळी आहे, तुम्ही सांगितली होतीत तशी. एका जागी समुद्राच्या तळातून बुडबुडे वर येतात, त्यात पोहलं की अंगाला गुदगुल्या होतात. डोंगरात पार आत एक तळं आहे, ते सतत उकळत असतं. तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात भाताचं आधण दाखवून ओवीला ते समजावलं होतंत. तेव्हा ती सात वर्षांची होती, तुम्ही मराठीत शिकवायचात, ती जर्मनमध्ये प्रश्न विचारायची आणि तुमचं दोघांचं कधी अडलं नाही. भात मात्र करपला होता.

आता मुद्द्यावर येते. टाळत होते ते कळलंच असेल तुम्हाला.

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, आपण चौघं तिथे निघणार होतो. समीरची रजा, उरलाउब, मंजूर झाली होती. तुम्ही नवी टोपी घेतली होतीत. जायच्या दोन आठवडे आधी मी तुमचा पासपोर्ट फाइलमधून काढला आणि व्हिसावरची ओळ पहिल्यांदा नीट वाचली. किती वेळा प्रवेश? एक. म्हणजे एकदा युरोपबाहेर पाऊल टाकलंत की परत फ्रांकफुर्टला उतरता येणार नव्हतं. आणि तो ‘एक’ माझाच होता. आई असताना तुम्ही दोघं पहिल्यांदा आलात तेव्हाचा फॉर्म मी समोर ठेवला आणि रकान्यांवर जशाच्या तशा खुणा केल्या. आईबाप येतात, तीन महिने राहतात, परत जातात. ते मधेच आणखी कुठे फिरायला जातील हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात तरी येतं का?

ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन मी एकटीच आउसलेंडरबेहोर्डंला, परदेशी लोकांच्या कचेरीत, जाऊन आले. “लायडर नाइन,” तिथल्या बाई म्हणाल्या, माफ करा, जमणार नाही. नवा व्हिसा हवा तर भारतात परत जाऊन अर्ज करा.

घरी आले. तुम्ही चहा टाकला होतात. तुम्ही कराडला फोन करून सगळ्यांना सांगायचात, “कागदपत्रं मेधाकडे आहेत म्हणजे आम्ही निर्धास्त.” ते आठवलं आणि माझी जीभच फिरली. मी म्हटलं, “बाबा, तिकडे मोठं वादळ येतंय. विमानं रद्द केलीत.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. जरा जास्तच वेळ पाहिलंत, हे आता आठवतं.

समीर लॅपटॉपमधून मान वर करून म्हणाला, “फेब्रुवारीत वादळ? बाबा, असं असतं?”

आणि तुम्ही म्हणालात, “समुद्राचं काय सांगावं? येतं एखादं अवेळी. जिवाशी खेळ नको.”

मी सुटले. खरंच सांगते, त्या क्षणी फक्त तेवढंच वाटलं. तिकिटं, खोल्या, सगळं मीच पाहत होते, समीर कंपनीतल्या नव्या गाडीच्या चाचण्यांत गळ्यापर्यंत बुडालेला. कुणी काही तपासलं नाही.

त्या उन्हाळ्यात समीर फोनवर तुमच्या मागे लागला होता, पुढच्या फेब्रुवारीत परत या, या वेळी जाऊच. तुम्ही म्हणालात, “नको रे, मला त्या वादळांची धास्ती बसलीये.” तो किती चिडला होता! आणि पावसाळा सरता सरता तुम्ही गेलातच.

या वेळी आम्ही मिस अग्नेस नावाच्या बाईंकडे उतरलो होतो. समीर वाटाड्याबरोबर उकळत्या तळ्यावर गेला, तीन तास जायला, तीन यायला. मी आणि ओवी बाईंना नीरफणस सोलू लागलो. दीड वर्षापूर्वीच्या सप्टेंबरातल्या वादळात त्यांच्या घराचं छप्पर उडालं होतं. सकाळी दार उघडलं तर डोंगरावर एक पान नव्हतं, म्हणाल्या. मी सहज बोलून गेले, “फेब्रुवारीतसुद्धा येतात ना?”

त्या हसायलाच लागल्या. “फेब्रुवारीत? बाई, वादळं जूनच्या आधी येत नाहीत, नोव्हेंबरनंतर राहत नाहीत. हे इथल्या बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं!”

सुरी तशीच हातात राहिली. बालवाडीतल्या पोराला ठाऊक, आणि तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं? पोरांनी पूर्व-पश्चिम चुकवलं तरी माफ न करणारे तुम्ही, माझ्यासाठी स्वतःच्या विषयात खोटं बोललात! तेही लेकासमोर!

ओवी माझ्याकडे बघत होती. “आबर मामा, पण आई, तू तर ओपांना वादळ म्हणाली होतीस.” परत येऊन दहा दिवस झाले, अजून तिनं तो विषय काढलेला नाही, फक्त बघते.

समीर संध्याकाळी चिखलात माखून परतला. डोळे लकाकत होते. बूट काढता काढता म्हणाला, “काय जागा आहे! पण बाबांना नसतं जमलं. वादळाच्या नुसत्या नावानं घाबरले माझे बाबा. आयुष्यभर नकाशे दाखवले, स्वतः जायची वेळ आली तर पाय लटपटले.”

आणि बाबा, मी तेव्हाही गप्प राहिले. त्याला गरम पाणी काढून दिलं.

का नाही रागावलात मला? एकदा ओरडला असतात, “मेधा, काय गाढवपणा केलास!” तर मी रडले असते, माफी मागितली असती आणि दुसऱ्या वर्षी नवा अर्ज भरून तुम्हाला घेऊन गेले असते. तुम्ही मला सांभाळलंत, त्याची किंमत तुम्ही दिलीत, आणि मला पत्ताही लागू दिला नाहीत. हे काही बरोबर केलं नाहीत. सुनेचा मान राखताना मुलाच्या मनातला स्वतःचा मान घालवायचा असतो का?

मशीन थांबलंय. आता ते दोघं येतीलच. ओवीलाही समोर बसवणार आहे, तिनं ऐकायला हवं. मी तुम्हाला वचन देते, कपडे वाळत घालायच्या आधी समीरला सांगेन. पासपोर्टचं सांगेन, फॉर्मचं सांगेन, चहाच्या वेळचं सांगेन. तो चिडेल, कदाचित बरेच दिवस बोलणार नाही. चालेल. पण यापुढे या घरात कुणी तुम्हाला घाबरट म्हणणार नाही. घाबरले होते ती मी.

तुमची सून,
मेधा