सहादेवाची पाळी

३ सप्टेंबर १९७१

सहादेवाला आज दुधाच्या टेम्पोत गवत पसरून नगरला दवाखान्यात आनला. माझा पाठचा भाऊ. बायको लवकर गेली त्याची, म्हनून मीच संगं. महिना झाला, कंबर धरून पडलाय. कुशीवर वळवला तरी बोंबलतो. खोंडांच्या गोट्या बडवून बैल करनारा त्याच्यासारखा गडी पारनेर तालुक्यात न्हाई — अन् आज त्याला मुतायलाबी मी धरते!

५ सप्टेंबर

डॉक्टर म्हनले, लघवीच्या वाटेवर गाठ हाय. कॅन्सर. मुळं हाडांत गेलीत. गाठीला खुराक मिळतो खालच्या गोट्यांतनं. त्या काढल्या की गाठ उपाशी. पुरतं बरं न्हाई व्हायचं, पर दुखनं थांबंल. वर्ष, दोन वर्षं. नशीब असलं तर जास्तीबी.

सहादेवानं भिंतीकडं तोंड केलं. "मी काय बाई हुऊ? घरी न्या मला."

मला हसूच फुटलं, मेलीला! म्हनलं, "जल्मभर खोंडं बडवलीस. आता तुझी पाळी आली तर रडतोस व्हय? एका तरी खोंडाला इचारलं हुतंस का?"



६ सप्टेंबर

न्हाईच म्हनतो. जेवलाबी न्हाई. लई बोलले का मी?

७ सप्टेंबर

सकाळी आपनहून म्हनला, "अक्का, बडवलेलं खोंड दुसऱ्या दिवशी वैरनीला तोंड लावतं."

"मला काय ठावं? धंदा तुझा."

"लावतं. म्या बघितलंय." मग म्हनला, "आन तो आपरेशनच्या सहीचा कागद." अंगठा दिला.

९ सप्टेंबर

काय लिहू! काल कापलं — अन् आज चहा आला तर गडी आपला आपन कुशीवर वळला! बोंब न्हाई, कन्हनं न्हाई. मी कपबशी धरून उभीच. इवल्याशा दोन गोट्या, अन् त्यांचा हुकूम पार मनक्यापत्तूर! कुनाला सुचलं असंल हे? अंगावरचा काटा अजून जाईना.

१४ सप्टेंबर

उभा राहिला. माझा हात सोडून!

१० ऑक्टोबर

त्याच्या घरी गेल्ते. सहादेव घाबरलाय. बसल्या जागी तोंड लाल हुतं, घामाच्या धारा, सदरा काढून फेकतो. घटकाभरानं गार. "दुखनं उलटलं गं अक्का."

मी बघतच राहिले. हे तर माझं! पाळी गेल्यापासनं तीन वर्षं ह्योच जाळ उठतो अंगातनं. चुलीवर ढकलते अन् गप बसते. कुनाला बोलले न्हाई कदी. आज भावाला सांगितलं. हसला न्हाई.

बापयाच्या अंगात बाईचा जाळ! आतनं आपन सगळी इतकी जवळजवळ असतो? मधी निस्ता दोन गोट्यांचा आडोसा?

भाऊबीज

दोन मैल चालत आला! ओवाळताना दोघांनाबी जाळ एकदमच उठला. मी ताट खाली ठेवलं. सहादेवानं सूप उचललं, वारा घातला, अन् म्हनला, "चल अक्का, वट्यावर. दोघी बसू."