मानेमागची चिमूट

३ जून, सोमवार
लिही गं पोरी, तुझ्या आजीला या वयात नोकरी लागली! प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांचे पिंजरे धुवायचे. डॉक्टरीणबाईंनी आधी उंदीर धरायला शिकवलं. शेपटीच्या बुडाशी धरून जाळीवर ठेवायचा. तो पुढे ओढ घेतो, तेवढ्यात अंगठा नि तर्जनीने मानेमागची कातडी चिमटीत घ्यायची, शेपूट करंगळीखाली दाबायची. छाती मात्र आवळायची नाही, गुदमरतो. मी म्हटलं, बाई, चार पोरं न्हाऊमाखू घातली, हा तर बोटभर! हसू नको, लिही. मी बोलेन ते सगळं लिहायचं, असं ठरलंय आपलं.

५ जून, बुधवार
हात बसला. चिमटीत आला की उंदीर गप्प. तुझे आजोबा उभ्या जन्मात माझ्यासमोर इतके गप्प बसले नाहीत. बाई म्हणाल्या, मावशी, तुमच्या हाताला गुण आहे. मी फुगले.

६ जून, गुरुवार
फुगले आणि बुडाले. गप्पांच्या नादात एकाला धरूनच राहिले. बघते तर थंड. भुशाखाली झाकला, पिंजरा जागेवर ठेवला. तू म्हणतेस, बाईंना सांग. सांगते की, उद्या. हेही लिहिलंस? अवलक्षणी!

७ जून, शुक्रवार
नाही सांगितलं. दुपारी चहाचा कप धरला, तर बोटं सुटेनात. डाव्या हाताने एकेक उलगडलं. वात असेल.

९ जून, रविवार
वात नाही. शेजारणीची मांजर पायाशी आली. हात तिच्या मानेमागे गेला, मी नाही नेला. मांजर लुळी पडली. तू ओढून सोडवलीस, माझ्या मनगटात नखं रुतली तुझी — मला कळलंसुद्धा नाही.

१० जून, सोमवार
बाईंना सगळं सांगून टाकलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मावशी, पुढे हात सैल ठेवा. सैल! तो ऐकतो कुठं —

११ जून, मंगळवार
डाव्याने उजव्याला दाबून बसलेय. तुला म्हटलं, पलीकडे बसून लिही. ऐकशील तर शपथ. वाकलीस की वेणी पुढे येते, मान उघडी — उठ. कागद राहू दे, उठ —
गार लागतंय म्हणतेस — माझाच हात आहे गं तो, पण मी नाही —
हलू नको. नाही, हल! डाव्याने सुटत नाही — पोरी, लिहू नको आता, श्वास घे, श्वा