पडलो, त्यात एवढं काय!

१४ डिसेंबर, रविवार

पडलो. असोद्याच्या रस्त्यावर सायकलवरून, आमच्या भिकनच्या शेताच्या थोडं अलीकडे. कुत्रं आडवं आलं! हेल्मेटला मागून तडा गेला, डोक्याला साधं खरचटलंही नाही. भिकन ओरडला, ‘ऊठ भाऊ, बठ्ठा हासी ऱ्हायनात!’ सगळे हसतायत म्हटल्यावर उठलो, कपडे झटकले, टांग मारली. साठीतल्या माणसानं रस्त्यात लोळत पडणं शोभतं का?

पण तो ललित! सायकल ग्रुपमधला नवा गडी, धुळ्याहून बदलून आलेला बँकवाला. म्हणे, ‘काका, कडेला बसा. हेल्मेट फुटलंय, डोकं दाखवून घ्या. आता सायकल चालवू नका.’ जसा काही मी काचेचा! सगळ्यांच्या आधी शेतात पोचलो मी. वांगी भाजायला घेतलेली, भरीत पार्टी सोडून दवाखान्यात कोण जातं?

घरी येऊन उलटी झाली. भिकन भरतात मिरच्या ओततो, दुसरं काय.

१५ डिसेंबर

डोकं ठणकतंय. थंडीनं.

ललितनं ग्रुपवर पुराण टाकलंय – पडल्यावर डोकं दुखलं, उलटी झाली, गुंगी आली तर लगेच दवाखाना गाठा, दोन दिवस एकटं राहू नका, आपटलेलं हेल्मेट टाकून द्या. मी अंगठा दाखवला आणि हेल्मेटला चिकटपट्टी लावली. एवढ्या तेवढ्याला घाबरायचं तर सायकल घ्यायचीच कशाला?

१७ डिसेंबर

कोकिळा पाठ सोडत नाही. ‘पार्टीत पंधरा जण जेवले, उलटी तुम्हालाच कशी झाली?’ हिनं वकील व्हायला हवं होतं! म्हणते, दुपारभर झोपता. निवृत्त नवरा-बायकोच्या घरात झोपेवरही जप्ती!

२० डिसेंबर

कोकिळा म्हणाली, ‘सकाळपासून चौथ्यांदा विचारताय, आज वार कोणता?’ खोटं बोलते. ओरडलो तिच्यावर. मग रडत बसली. आज वार विचारायचीही चोरी!

२१ डिसेंबर

सकाळी मागची पानं वाचली. अक्षर माझंच आहे. पण पडलो कधी? भिकनच्या शेतात कधी गेलो, भरीत कधी खाल्लं – काही म्हणजे काही आठवत नाही.

घाबरलोय.

कोकिळा रिक्षा आणायला गेलीय. वही सोबत घेतोय. डॉक्टर विचारतील, काय झालं होतं? मला ते वाचूनच सांगावं लागेल.