रामाजींचे पाचवे कडवे

९ एप्रिल १९६६, बालाघाट
गोंदियाहून छापखान्याच्या शेठचे पाकीट आले. आत गुलाबी कागद. रामाजी मेंढे यांच्या नातीच्या लग्नासाठी मी रचलेली मंगलाष्टके. खाली बारीक टाइपात 'रचना' आणि माझे नाव. छापलेले नाव जन्मात पहिल्यांदा पाहिले. आनंद झाला, पण पाव घटकाच. मग वाटले, आता कुणीही बोट ठेवू शकतो. चौथी नापास माणूस श्लोक रचतो, हे कागदावर आले.
शेठची चिठ्ठी: "मास्तर, लग्न मोठे आहे. लोकांना रचना आवडली तर पुढच्या हंगामातली मराठी कामे तुमची. पुस्तिकाही काढू." मला मास्तर म्हणतात. मी खाणीवर मजुरांची हजेरी लिहीत होतो. कधी सांगितले नाही.

१० एप्रिल
सकाळी हिला कागद वाचून दाखवला. ही तांदूळ निवडत होती. पाचव्या कडव्याला हात थांबला.
"रामाजी बुढा मेला काय हो?"
"काहून?"
"तुमीच तर स्वर्गात बसवून देला त्याले."
पुन्हा वाचले. 'रामाजी सुख भोगिती सुरपुरी, नातीस आशीषिती.'
कागद घडी करून खिशात घातला. जेवण गेले नाही.

११ एप्रिल
कसे झाले ते लिहून ठेवतो, नाहीतर डोक्यात फिरत राहते.
माझी एक जुनी वही आहे. तीत आठ कडव्यांचा साचा. लग्नघरचे लोक नावांची यादी देतात. प्रत्येक नाव कुठेतरी यावे लागते, नाहीतर मामा रुसतो, आत्या जेवत नाही. पाचवे कडवे घरातल्या गेलेल्या माणसांचे. खैरलांजीच्या लग्नात तिथे 'दामाजी' होते. त्यांचे आजोबा खरेच वारलेले. मेंढ्यांच्या यादीत 'रामाजी' पाहिले. ओळीची अक्षरे बोटांवर मोजली. एकोणीस. एकही मात्रा हलली नाही. नाव इतके नेमके बसले या खुशीत कुठे बसले ते पाहिलेच नाही.
आणि यादी घेऊन आले होते कोण? खुद्द रामाजी. माझ्या ओसरीवर चहा प्याले. जाताना म्हणाले, "मास्तर, बाकीचे कुठी बी टाका. माहं नाव तेवढं चांगल्या जागी टाकजा."

१२ एप्रिल
रामाजींच्या मुलाला, गणपतला, कार्ड लिहायला बसलो. तीन कार्डे वाया. 'आपले वडील चुकून' इथपर्यंत येतो आणि पुढे हात चालत नाही. कार्ड पोस्टमन वाचतो, सगळे वाचतात. चौथे लिहून झाले तर हिने हातातून घेतले.
"याचा कोपरा पाहा. वाळवीनं खाल्ला. कोपरा फाटलं कार्ड लग्नघरी धाडता? मयताची खबर समजून बाया रडाले बसतील."
खरेच होते. चुलीत घातले.
समक्ष जावे. पण काय सांगू?

१३ एप्रिल
गोंदियाला छापखान्यात जाऊन आलो. छोट्या रुळांच्या आगगाडीत सारा वेळ काय बोलायचे ते घोकले. शेठना खरे सांगायचे ठरवले होते. तोंडातून निघाले, "पाचव्यात बारीकसा फरक करायचा आहे."
ते हसले. "मास्तर, जुळवलेला टाइप सोडला, कागद संपला, गठ्ठा मेंढ्यांकडे गेला. बारीक फरक असेल तर तोंडाने म्हणा, कोण पाहतो?"
लोक पाहतील. सगळ्यांच्या हातात कागद असेल.

१५ एप्रिल
काल मेंढ्यांच्या गावी गेलो. लांजीपर्यंत बस, पुढे पायी. आंगणात मंडपाचे खांब गाडणे चालू. रामाजी खाटेवर बसून गड्यांवर ओरडत होते. माणूस ठणठणीत. पाहून बरे वाटले, आणि जास्तच भीती वाटली.
"या मास्तर! गणपत, पाणी आन."
मी म्हटले, गठ्ठा जरा पाहू द्या, कुठे शाई फुटली असेल.
"गठ्ठा देवापुढं ठेवला. हळद-कुंकू वाह्यलं. आता लग्नाच्या दिवशीच सुतळी सोडाची. देवापुढचं उचलत नाही आमच्यात."
म्हणजे घरात कुणी वाचलेले नाही. सांगण्याची हीच वेळ होती. तोंड उघडलेसुद्धा. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या खिशावर गेली. गुलाबी कागद वर डोकावत होता, माझीच प्रत.
"हे तं तेच हाय! वाचा, वाचा. गणपतले हिंदीच येते चांगली, मराठी वाचते तं ठेसा खाते. माहं नाव कुठी हाय?"
कागद उघडला. अक्षरे हलायला लागली. आणि मी जे नाही ते वाचले:
'रामाजी बसले पुढे, जमवुनी सारे सखे सोयरे.'
कुठून आले कोण जाणे. बोटे न मोजता आले. माझ्या साऱ्या रचनेत चांगली म्हणावी अशी ती एकच ओळ, आणि ती छापलेली नाही.
रामाजी खाटेवरून पुढे झुकले. मग म्हणाले, "अजून एकडाव." सहा-सात वेळा म्हणून घेतली. पाठ केली. डोळे पुसले. "पुढे बसले... हौ. पुढंच बसन मी."
निघताना हात धरला. "भटजी बाकीचे म्हणन. पाचवं तुमी म्हणाचं, मास्तर. तुमच्या तोंडून."
हो म्हणालो.

१६ एप्रिल
हिला सगळे सांगितले. हिने शेवटपर्यंत ऐकले. मग, "आधी एकडाव मारला, आता खोटं वाचून जिता केला. खाणीवर हजेरी अशीच लिवत होते काय?"
नव्हतो. तिथे माणूस समोर उभा असल्याशिवाय नावापुढे खूण केली नाही. एकदाही नाही.

१८ एप्रिल
नवे काम आले. वारासिवनीचे घर, मोठे आहे. निरोप आणणाऱ्याला म्हटले, आधी सांगा, कोण जिवंत, कोण नाही. तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला.
वही उघडली नाही. उघडवत नाही.

२० एप्रिल
लांजीच्या बसचा कंडक्टर चौकात भेटला. "रामाजी बुढा खोकून राह्यला. बुखार हाय म्हनते."
घरी येऊन बसलो. ही समजावते, जित्याला मेला म्हटले की त्याचे आयुष्य वाढते, जुनी माणसे सांगतात. हिच्या तोंडात साखर पडो. पण ऊन लागते आहे, वय झाले आहे. ते गेले तर माझ्यामुळे. राहिले तर माझी नाचक्की. दोन्हीकडून मीच सापडतो. आणि हे लिहितानाही मनात नाचक्की आधी आली होती. जागा बदलून लिहिली.

२२ एप्रिल
ताप उतरला, असा निरोप. देवाला नारळ फोडला. ही म्हणाली, आता गणपतच्या कानावर घाला, लेक आहे, सांभाळून घेईल. उद्या घालतो.

२३ एप्रिल, मेंढ्यांच्या घरी
गणपत सापडेना. सापडला तेव्हा आचाऱ्याशी भांडत होता. म्हटले, एक बोलायचे आहे. "मास्तर, लग्न झाल्यावर बोला, अभी कुछ मत बोलो." हात जोडून गेला.
देवघराच्या दारातून गठ्ठा दिसतो. वर हळद, कुंकू, एक सुपारी. आसपास कुणी नव्हते. दोन पावले आत गेलो. परत आलो.

२४ एप्रिल
गोरज मुहूर्त. मंडपामागे पाण्याच्या रांजणाशी बसून लिहितो आहे. पेन्सिल आहे.
रामाजींनी स्वतः सुतळी सोडली. मंडपाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले, डोक्याला नवा फेटा. येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या हाताने कागद देताहेत. "पाचवं पाहा, पाचवं. माहं नाव हाय." लोक खिशात घालतात, बाया त्याने वारा घेतात. पण एक चष्मेवाला पाहुणा उभ्या उभ्या वाचत होता. वाचला, रामाजींकडे पाहिले, पुन्हा कागदाकडे. मग शेजाऱ्याला दाखवला. आता दोघे खालचे नाव वाचताहेत. माझे.
छापखान्याचे शेठही आले आहेत. पहिल्या रांगेत. हातात कागद.
पळून जाता येईल. लांजीहून शेवटची बस अजून सुटलेली नसेल.
अंतरपाट धरला. अक्षता वाटल्या. भटजींचे तिसरे झाले, चौथे चालू आहे. गणपत मला शोधतो आहे, "मास्तर कुठी गेले?"
कनातीच्या फटीतून रामाजी दिसतात. सगळ्यांच्या पुढे बसले आहेत. मूठ अक्षतांनी भरलेली. ओठ हलताहेत. कागदावर नसलेली माझी ओळ आधीच म्हणून पाहताहेत.
चौथे संपले.